फसलेल्या उड्डाणांचं वाचन

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाचं पहिलं उड्डाण झालं आणि पाचेक मिनिटांत तो बंगालच्या उपसागरात कोसळला. त्या दिवसाची गोष्ट आपल्याकडे अनेकांना पाठ आहे. पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली आणि पुढच्या वर्षी १८ जुलैला रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला तेव्हा बोलायला त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केलं. गोष्ट खरी आहे आणि ती सांगितली जावी अशीच आहे. पण ती सांगताना एक वस्तू हमखास गळते. अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेत नायट्रिक आम्ल भरलेलं होतं. उड्डाणाआधी काही मिनिटं एक व्हॉल्व्ह उघडला, त्यात कचरा अडकला, तो नीट मिटला नाही आणि आम्ल गळून गेलं. दुसरा टप्पा पेटला तेव्हा त्याला वळवायला काही उरलंच नव्हतं. धवनांचा मोठेपणा आपण तीन पिढ्यांना शिकवला. हा व्हॉल्व्ह मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसा कुणाला माहीत नाही.

विज्ञान, तंत्रज्ञान, अंतराळ आणि संरक्षण या क्षेत्रांतल्या अलीकडच्या घडामोडींची ओळख करून द्यायची म्हटलं की यशाची यादी आपोआप हाताशी येते. यादी भरीव आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात अलगद उतरलं. मार्च २०२४ मध्ये एकाच अग्नी-५ क्षेपणास्त्रातून अनेक अस्त्राग्रं वेगवेगळ्या लक्ष्यांकडे सोडण्याची चाचणी झाली. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेचे दोन उपग्रह पृथ्वीभोवती फिरता फिरता एकमेकांना जोडले गेले. हे साधणारा भारत चौथा देश. यातल्या प्रत्येक घटनेचा अभिमान रास्त आहे. तरीही केवळ या यादीवरून देशाच्या तांत्रिक ताकदीचा अंदाज बांधता येत नाही, असं मला वाटतं. फसलेली मोहीम किती खोलवर तपासली गेली, आणि तपासात जे सापडलं ते त्या मोहिमेबाहेरच्या माणसांपर्यंत पोचलं की नाही, यावर ही ताकद पुष्कळ अंशी ठरते. अपयशाचा लोकांसमोर ठेवलेला अहवाल हा इंजिनाइतकाच किंवा चाचणीतळाइतकाच राष्ट्रीय साधनसंपत्तीचा भाग आहे, आणि ही संपत्ती साठवण्यात आपण अलीकडे हात आखडता घेतो आहोत, हे या प्रस्तावनेत मांडायचं आहे.

सुरुवात चांद्रयानापासूनच करतो, कारण तिथे तपासाचं मोल आकड्यांत दिसतं. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम हे अवतरक चंद्रावर आदळलं. त्या नोव्हेंबरात सरकारने लोकसभेला दिलेल्या उत्तरात एवढंच होतं की उतरण्याच्या दुसऱ्या टप्प्यात वेग अपेक्षेपेक्षा जास्त कमी झाला, त्यामुळे पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीची स्थिती आखलेल्या मर्यादेबाहेर गेली आणि यान ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत जोरात आपटलं. नेमकं काय झालं हे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी उलगडून सांगितलं ते २०२३ च्या जुलैमध्ये, पुढच्या उड्डाणाच्या तोंडावर. पाच इंजिनांनी मिळून अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला. छायाचित्रं घेण्यासाठी यान स्थिर ठेवायचं होतं, त्या काळात चुका साचत गेल्या. त्या निस्तरायला यानाला झपाट्याने वळायचं होतं, पण वळण्याच्या गतीला सॉफ्टवेअरने मर्यादा घातली होती. शिवाय उतरायची जागा अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. ती गाठण्यासाठी यान जमिनीजवळ येऊनही वेग वाढवत राहिलं. या चारांपैकी एकेकटी गोष्ट कदाचित निभावली असती. चारही एकत्र आल्या आणि यान हातचं गेलं.

आता चांद्रयान-३ मधले बदल या निदानाशेजारी ठेवून पाहावेत. उतरायची जागा सुमारे चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर झाली. मधलं पाचवं इंजिन काढलं. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, आणि जमिनीच्या संदर्भात यानाचा वेग थेट मोजणारं लेसर उपकरण बसवलं. सोमनाथ तेव्हा म्हणाले होते की आधीची रचना यश गृहीत धरून केलेली होती, या वेळची अपयश गृहीत धरून केली आहे. म्हणजे काय काय बिघडू शकतं याची यादी आधी केली आणि प्रत्येक बिघाडातून यान वाचावं अशी तजवीज केली. २०२३ चं यश सगळ्यांनी पाहिलं, पण त्याची खरी मेहनत मधल्या चार वर्षांतल्या या यादीत आहे. माझ्या मते ती यादी शक्य तेवढ्या तपशिलाने २०२० सालीच लोकांसमोर यायला हवी होती. मधल्या काळात अफवांना आणि भाबड्या तर्कांना मोकळं रान मिळालं, आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या हजारो मुलामुलींच्या हाती त्या काळातला सर्वांत उत्तम धडा उशिरा पडला.

हा धडा एका यानापुरता नसतो, हे दाखवायला तीन अपघात एकाशेजारी एक मांडतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटला. आडव्या दिशेच्या वेगाशी निगडित एक आकडा ६४ बिटांच्या रूपातून १६ बिटांच्या रूपात बदलताना त्यात मावला नाही. दिशादर्शक संगणक बंद पडला, आणि राखीव संगणकात तोच कार्यक्रम असल्याने तोही बंद पडला. कार्यक्रमाचा हा तुकडा एरियान-४ मधून जसाच्या तसा उचललेला होता. जुना अग्निबाण एवढा वेग त्या दिशेला कधी घेतच नसे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचंच स्कियापरेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचे क्षीण रेडिओ संकेत नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तबकड्या पृथ्वीवरून टिपत होत्या, आणि यान पोहोचायच्या थोडं आधी ते थांबले. पॅराशूट उघडताना यान इतकं गरगरलं की त्याच्या फिरण्याची गती मोजणारा संवेदक सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेला टेकून राहिला. संगणकाने तो आकडा खरा मानला, त्यावरून उंची काढली आणि ती शून्याखाली आली. आपण जमिनीवर पोचलो असं समजून त्याने पॅराशूट सोडून दिलं आणि तीसेक सेकंद चालायची इंजिनं तीनच सेकंदांत बंद केली. यान तेव्हा पावणेचार किलोमीटर उंचीवर होतं.

तिसरा अपघात आपला. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही या छोट्या अग्निबाणाचं पहिलं उड्डाण झालं. तिन्ही टप्पे नीट जळले. पण दुसरा टप्पा सुटताना अल्पकाळ हादरा बसला आणि प्रवेगमापकांचे आकडे विस्कटले. सदोष संवेदक ओळखण्यासाठी लिहिलेल्या तर्काने सगळेच प्रवेगमापक बाद ठरवले आणि अग्निबाण आणीबाणीच्या पद्धतीने, अंदाजाने पुढे गेला. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या लांबट कक्षेत सुटले. ७६ किलोमीटरवर वातावरणाचं घर्षण इतकं असतं की तिथे काहीच टिकत नाही. इस्रोने हे कारण जाहीर केलं, टप्पा सोडण्याची कमी हादऱ्याची पद्धत आणली, तर्कात दुरुस्ती केली, आणि १० फेब्रुवारी २०२३ चं दुसरं उड्डाण यशस्वी झालं. या तिन्ही घटनांत संवेदक तुटलेला नव्हता. अनपेक्षित आकडा आला आणि त्याचं काय करायचं हे ठरवणाऱ्या तर्काने गफलत केली. एरियानचा अहवाल गणितज्ञ जे. एल. लियोन्स यांच्या समितीने अपघातानंतर दीड महिन्यात, १९ जुलै १९९६ रोजी दिला आणि तो जगभर वाचला गेला. स्कियापरेल्लीचा २०१७ च्या मे महिन्यात आला. हे अहवाल असूनही अशा चुका पुन्हा होतात, मग त्यांचा उपयोग काय, असा आक्षेप इथे कुणी घेईल. तो वजनदार आहे. अहवाल छापल्याने चूक आपोआप टळत नाही. पण अहवाल असले म्हणजे तीन वेगळ्या यानांतल्या, वेगळ्या दशकांतल्या चुकांचं एकच कूळ आहे हे ओळखता येतं, नवीन यानाच्या चाचणीत नेमका तो प्रश्न विचारता येतो. अहवालच नसेल तर प्रत्येक चूक एकटी आणि नवीन वाटते.

व्हॉल्व्हचंच पाहा. १२ ऑगस्ट २०२१ रोजी जीएसएलव्ही-एफ १० चा वरचा क्रायोजेनिक टप्पा चाललाच नाही आणि ईओएस-०३ उपग्रह गमावला. पुढच्या वर्षी इस्रोने निष्कर्ष जाहीर केले: द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतला दाब पेटण्याच्या वेळी पुरेसा नव्हता, कारण दाब सोडणारा व्हॉल्व्ह गळत होता. त्याच्या आतली मऊ सील बिघडली असावी. व्हॉल्व्हच्या उघडझापीत, किंवा कचऱ्यामुळे, किंवा उणे २५३ अंशांच्या आसपासच्या थंडीत बसवणीवर येणाऱ्या ताणामुळे. १९७९ चा अडकलेला कचरा आणि २०२१ ची शंका यांच्यात बेचाळीस वर्षांचं अंतर आहे. अग्निबाण बदलला, इंधन बदललं, माणसं बदलली. स्वच्छता आणि सील हे प्रश्न तसेच राहिले. ते कुणाच्या हलगर्जीपणामुळे राहिले असं मी म्हणत नाही. अतिथंड द्रव आणि तीव्र आम्लं हाताळणाऱ्या प्रत्येक देशाला त्यांनी छळलं आहे. पण म्हणूनच हे ज्ञान फायलींत बंद ठेवणं परवडणारं नाही. २०२१ च्या अपघाताच्या निष्कर्षांत इस्रोने जी मोकळीक दाखवली ती आदर्श मानावी इतकी चांगली होती.

मात्र ही मोकळीक टिकून राहिलेली दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ हा दिशादर्शनाचा उपग्रह जीएसएलव्हीने बरोबर सोडला. श्रीहरिकोट्याचं ते शंभरावं उड्डाण. काही दिवसांनी कळलं की ऑक्सिडायझर आत घेणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत, त्यामुळे उपग्रहाची कक्षा वर नेता आली नाही. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी ६१ च्या तिसऱ्या टप्प्यात मोटारीतला दाब घसरला आणि ईओएस-०९ कक्षेत पोचला नाही. चौकशीसाठी समिती नेमली गेली, पण ते वर्ष सरेपर्यंत तिचा अहवाल लोकांसमोर आला नव्हता. पीएसएलव्ही हा आपला सर्वांत भरवशाचा अग्निबाण. त्याच्यावर जगभरचे ग्राहक विसंबतात. त्याच्या बाबतीत गप्प राहिल्याने विश्वास टिकतो असं मानणं मला चुकीचं वाटतं. विमा उतरवणारा आणि उपग्रह सोपवणारा ग्राहक शांततेचा अर्थ नेहमी वाईटाच्या बाजूने लावतो.

या म्हणण्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. अग्निबाण आणि क्षेपणास्त्र यांचं तंत्र जवळचं; घन इंधनाच्या मोटारीबद्दल जे उपग्रहवाहकासाठी लिहाल ते शत्रूही वाचेल. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा घन इंधनाचाच आहे, तेव्हा हा आक्षेप पोकळ नाही. इंधनाची पाककृती, आवरणाच्या धाग्यांची विणण, जोडणीचे आकडे हे कुणी जाहीर करावं असं माझं म्हणणं नाही. पण कारणाची जात आणि रचनेचा तपशील या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. बिघाड साहित्यात होता, जोडणीत होता, तपासणीत होता की तर्कात, तो चाचणीत का सापडला नाही, आणि आता चाचणीत काय बदललं, एवढं सांगितल्याने कुणाला क्षेपणास्त्र बांधता येत नाही. जीएसएलव्हीच्या निष्कर्षांत सीलचा उल्लेख होता. त्यावरून क्रायोजेनिक इंजिन कुणी उभं केल्याचं ऐकिवात नाही.

संरक्षण क्षेत्रात तर मौनाची किंमत आपण आधीच मोजली आहे. लढाऊ विमानासाठीच्या कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. सुमारे ३८३ कोटी रुपयांत १९९६ पर्यंत ते तयार व्हायचं होतं. झालं नाही, आणि तेजस आजही अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर उडतं. या इंजिनाबद्दल सामान्य नागरिकाला जे अधिकृतपणे कळलं त्यातलं बरंचसं नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालातून. लेखापरीक्षण आपलं काम चोख करतं, पण त्याचे प्रश्न पैशाचे आणि मुदतीचे असतात. परिणामी तीन दशकं आपण पैसे कुठे गेले आणि दोष कुणाचा यावरच भांडत राहिलो. इंजिनाचं वजन का वाढलं, टर्बाइनची पाती किती उष्णता सोसत होती, हे प्रश्न चर्चेच्या मध्यभागी आलेच नाहीत. कावेरीची अतिउंचीवरची आणि विमानावर बसवून घ्यायची चाचणी रशियात जाऊन करावी लागली, कारण तशी सोय आपल्याकडे नव्हती. ही एक ओळ लोकांच्या मनात ठसली असती तर मागणी इंजिनाआधी चाचणीतळाची झाली असती. जेट इंजिन ही वर्षानुवर्षं जाळून, फोडून, उघडून पाहायची वस्तू आहे. तिच्यासाठी लागणारी जागा, बोगदे आणि उडता चाचणीमंच यांवर खर्च करायला लोकमताचा पाठिंबा लागतो, आणि तो पाठिंबा माहितीशिवाय मिळत नाही.

दुसरा आक्षेप माणसांचा आहे. अहवाल बाहेर आला की माध्यमं दोषी शोधतात, तंत्रज्ञ बिचकतात, पुढच्या वेळी चूक लपवली जाते. ही भीती खरी आहे आणि तिच्यावरचा उपायही जगाने शोधून ठेवला आहे. नागरी विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम, शिकागो कराराचं तेरावं परिशिष्ट, स्पष्ट सांगतं की चौकशीचा उद्देश पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणं हा नाही. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो. भारत हा नियम विमानांसाठी पाळतो. विमानप्रवास इतका सुरक्षित झाला त्यामागे कित्येक दशकांच्या अशा अहवालांची रास आहे. अग्निबाणांसाठी असं काही बंधन नाही. गगनयानातून माणसं पाठवायची तयारी चालू असताना ही उणीव अधिकच जाणवते, कारण अंतराळवीराच्या जिवाचा भार ज्या सीलवर आणि ज्या तर्कावर पडणार आहे त्यांचा पूर्वेतिहास जितक्या डोळ्यांखालून जाईल तितकं बरं.

तिसरा मुद्दा उद्योगाचा, आणि महाराष्ट्राला तो जवळचा आहे. इस्रोची विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनत आली, अग्निबाणांच्या मोटारींची आवरणं वालचंदनगरला. पुण्यात एचईएमआरएल ही संरक्षण प्रयोगशाळा स्फोटक आणि इंधनद्रव्यांवर काम करते, तर एआरडीई या दुसऱ्या प्रयोगशाळेने पिनाका हे अग्निबाण-प्रक्षेपक घडवलं. २०२० नंतर खाजगी कंपन्या स्वतःचे अग्निबाण बांधू लागल्या. स्कायरूटचं विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालं, अग्निकुलचं चाचणीयान मे २०२४ मध्ये. एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान हिंदुस्थान एरोनॉटिक्सला द्यायचं २०२५ मध्ये ठरलं. आजवर चुकांची आठवण इस्रोच्या आत, निवृत्त होईपर्यंत एकाच केंद्रात काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यात राहत होती. अग्निबाण एका संस्थेबाहेर बनू लागला की ही आठवण कागदावर उतरावी लागते. खाजगी कंपनी आपली गुपितं का उघडेल, असं विचारलं जातं. २८ जून २०१५ रोजी स्पेसएक्सचा फाल्कन-९ फुटला तेव्हा नासाने स्वतंत्र तपास केला आणि २०१८ मध्ये त्याचा काही पानांचा सारांश जाहीर केला. हेलियमच्या टाकीला धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या टोकाशी अंतराळ दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचा ओतीव पोलादी भाग वापरला होता आणि त्याची पुरेशी छाननी झाली नव्हती, असं त्यात लिहिलं आहे. कंपनीचं गुपित यात एकही नाही. पण उद्या भोसरीतल्या एखाद्या कारखान्याला असाच भाग बनवायची मागणी आली, तर पोलादाचा दर्जा आणि तपासणीचा दाखला यांबाबत अडून बसायला मालकाच्या हाती याहून भक्कम आधार नाही.

अंतराळ व्यवहारांचा कायदा २०१७ च्या मसुद्यापासून रेंगाळला आहे. २०२३ च्या अंतराळ धोरणाने परवानगी देण्याचं काम इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे सोपवलं. कायदा जेव्हा येईल तेव्हा त्यात एक कलम हवं. सरकारी असो वा खाजगी, उड्डाण फसलं की ३० दिवसांत प्राथमिक निवेदन आणि एका वर्षात तपासाचा सारांश जाहीर व्हावा. राष्ट्रीय सुरक्षेसाठी काही वगळायचं असेल तर ते कुणी आणि कोणत्या प्रकारचं वगळलं याची नोंद सारांशातच असावी. तपासात आढळलेली कोणतीही गोष्ट तंत्रज्ञावरच्या शिस्तभंगाच्या कारवाईत वापरता येऊ नये. सारांश इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही निघावा, कारण व्हॉल्व्ह जोडणारे, सील बसवणारे आणि वेल्डिंग करणारे हात पुष्कळदा त्याच भाषांत शिकलेले असतात.